रबर प्लास्टिकला चिकटवायचे आहे? गम सर्वांत शेवटी निवडा

मिक्सरच्या बुडाचा रबरी पाय निघून येतो, गाडीच्या दाराचे बीडिंग लोंबू लागते, पावसाळी सँडलचा सोल पुढच्या बाजूने आ वासतो. कामे वेगवेगळी असली तरी हार्डवेअरच्या दुकानात आपण एकच मागणी करतो: ‘‘रबर प्लास्टिकला चिकटवायचंय, चांगला स्ट्राँग गम द्या.’’ दुकानदार बहुधा फेविक्विकच्या जातीची छोटी ट्यूब देतो, नाहीतर पिवळसर रबर गमची डबी काढून देतो. यातली एखादी वस्तू तुमच्या कामाला अगदी योग्य असू शकते आणि शेजाऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या कामाला पूर्ण निरुपयोगी ठरू शकते, कारण आपण ज्यांना सरसकट प्लास्टिक आणि रबर म्हणतो ते कितीतरी वेगवेगळे पदार्थ असतात आणि गमाशी त्यांचे वागणेही वेगवेगळे असते. घरातल्या आणि गाडीतल्या अशा दुरुस्त्या वर्षानुवर्षे करताना माझा एक क्रम ठरून गेला आहे. आधी प्लास्टिक ओळखायचे, मग रबर ओळखायचे, मग सांध्यावर ताण कसा येणार आहे ते पाहायचे आणि गम सर्वांत शेवटी निवडायचा. पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी तोच क्रम इथे सविस्तर मांडत आहे.

हाताशी ठेवायचे साहित्य

- १२० ते १८० नंबरचा आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धाग्यांचे अवशेष न सोडणारे स्वच्छ पांढरे कापड
- भांडी घासण्याचा साधा साबण व पाणी
- धारदार कटर, मास्किंग टेप, कपड्यांचे चिमटे किंवा लहान क्लँप
- नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा
- त्याच रबराचा आणि त्याच प्लास्टिकचा एखादा टाकाऊ तुकडा

यादीतल्या शेवटच्या वस्तूकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात, पण सातव्या पायरीवर तिच्यावाचून अडते.

१. प्लास्टिक कोणते आहे ते ठरवा

भाग उलटा करा आणि आतल्या बाजूला कोरलेली खूण शोधा. बाटल्या, डबे, बादल्या यांच्यावर त्रिकोणात १ ते ७ यांपैकी आकडा असतो. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने सुरू केली. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे जाड पॉलिथिन अर्थात एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे मऊ पॉलिथिन अर्थात एलडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन अर्थात पीपी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. गाड्यांच्या व विजेच्या उपकरणांच्या भागांवर आकडा नसतो. तिथे दोन कोनी कंसांत अक्षरे असतात. एबीएस (एक कडक प्लास्टिक), पीपी, पीसी (पॉलिकार्बोनेट), पीए (नायलॉन) अशी ही अक्षरे नुसती किंवा जोडीने येतात. गाडीच्या बंपरच्या आत पाहिले तर पीपी आणि ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) यांच्या मिश्रणाची खूण बरेचदा आढळते. मिक्सरचे अंग बहुधा एबीएसचे असते.

खूण सापडली नाही तर त्या प्लास्टिकचा नखाएवढा भरीव तुकडा कापून पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे तुकड्याला चिकटलेले बुडबुडे फसवणार नाहीत. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगतात. एबीएस, पॉलिस्टायरिन, पॉलिकार्बोनेट, नायलॉन, पीव्हीसी हे बुडतात. फोम मात्र कशाचाही असला तरी तरंगतो आणि शंखजिऱ्याची पूड मिसळलेले पीपी बुडू शकते, म्हणून ही चाचणी एकटीच पुरेशी मानू नये.

दुसरी चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते. पृष्ठभाग साबणाने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून पूर्ण वाळवा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडून बाजूने, डोळे थेंबाच्या पातळीवर आणून पाहा. थेंब मण्यासारखा गोल उभा राहिला, भाग किंचित कलंडवताच घरंगळला, तर गमसुद्धा तिथे असाच आखडून बसणार. थेंब पसरून चपटा झाला तर गमही पसरेल आणि पृष्ठभागाला धरेल. यामागचे कारण पृष्ठभागाची ऊर्जा हे आहे. पॉलिप्रॉपिलिन आणि पॉलिथिन यांची पृष्ठऊर्जा साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर असते आणि तव्यांवरच्या टेफ्लॉनची २० च्या आत असते, तर एबीएस, पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट, नायलॉन यांची साधारण ३८ ते ४६ असते. आकड्यांतला फरक लहान दिसत असला तरी नेमक्या याच दरीत बहुतेक घरगुती गम अडखळतात.

एवढ्यावरून आपले प्लास्टिक कोणत्या गटातले आहे ते ठरवा. एबीएस, कडक पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट, पॉलिस्टायरिन, नायलॉन हा ‘धरणारा’ गट आणि पीपी, पॉलिथिन, टेफ्लॉन हा ‘न धरणारा’ गट. पुढचा प्रत्येक निर्णय या विभागणीवर अवलंबून आहे.

२. रबर खरोखरच रबर आहे का ते पाहा

आपण ज्याला रबर म्हणतो ते पुष्कळदा रबर नसतेच. फ्रिजच्या दाराचे गॅस्केट, बाथरूममधल्या मॅट, बऱ्याच स्वस्त पावसाळी चपला या मऊ केलेल्या पीव्हीसीच्या असतात. हा मऊपणा त्यात मिसळलेल्या तेलकट द्रवामुळे येतो आणि तो द्रव हळूहळू बाहेर झिरपत राहतो. निओप्रीन या कृत्रिम रबरावर आधारलेला नेहमीचा रबर गम अशा पीव्हीसीला पहिल्या दिवशी उत्तम धरतो आणि काही आठवड्यांनी चिकट, लिबलिबीत होऊन सुटतो. नवख्या माणसाला हा सापळा ओळखू येत नाही, कारण सांधा पहिल्या दिवशी खरोखर पक्का असतो.

ओळखण्यासाठी जुनी सुई चिमट्यात धरून तापवा आणि भागाच्या नजरेआडच्या कोपऱ्याला टोचा. खिडकी उघडी ठेवा आणि वास जवळ जाऊन घेऊ नका. सुई लोण्यासारखी आत शिरून कडा वितळल्या तर तो टीपीआर (रबरासारखे मऊ प्लास्टिक), मऊ पीव्हीसी किंवा तत्सम वितळणारा पदार्थ आहे. खरे, गंधकाने पक्के केलेले रबर वितळत नाही, ते फक्त करपते. वस्तू थेट पेटवून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो.

खऱ्या रबरातही भेद आहेत. गाडीच्या दारांचे काळे बीडिंग बहुधा ईपीडीएमचे असते आणि ते उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकते. तेलाशी संबंध येणारे सील नायट्राइलचे असतात. पारदर्शक, दुधी किंवा रंगीत, बोटाला गुळगुळीत लागणारे आणि तापमानाला न जुमानणारे रबर बहुतेक वेळा सिलिकॉन असते. सिलिकॉन ओळखता आले पाहिजे, कारण वर सांगितलेले दोन्ही नेहमीचे गम त्याला धरत नाहीत.

बुटांबाबत एक वेगळी सूचना. माळ्यावर पावसाळाभर ठेवलेल्या बुटाचा सोल हातात भुग्यासारखा तुटत असेल, तर त्यातला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेतल्या पाण्यामुळे आतून विघटित झालेला असतो. कोकणात आणि मुंबईत हे फार दिसते. तिथे गमाने काही साधत नाही, कारण गम ज्याला धरणार तो थरच उरलेला नसतो. सोल बदलून घ्यावा.

३. सांध्यावर ताण कुठल्या दिशेने येणार ते पाहा

दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवण्याचा प्रयत्न करणारा ताण गम सहज पेलतो, कारण तो सगळ्या क्षेत्रावर वाटला जातो. एका कडेपासून सोलून काढणारा ताण मात्र सगळा त्या कडेच्या बारीक रेषेवर एकवटतो. रबर लवचीक असल्यामुळे त्याच्या सांध्यावर बहुतेक वेळा नेमका हाच, सोलणारा ताण येतो. म्हणून कडक होणारा गम कितीही ‘स्ट्राँग’ असला तरी वाकणाऱ्या रबरावर तडकतो आणि मऊ राहणारा, आकड्यांत कमी ताकदीचा गम तिथे टिकून राहतो. मिक्सरच्या पायावर दाब येतो, सोलण्याचा ताण जवळजवळ येत नाही. तिथे कडक गम चालतो. सँडलचा सोल पावलागणिक वाकतो. तिथे तोच गम आठवडाभरसुद्धा टिकण्याची आशा धरू नये.

याबरोबर तीन गोष्टी लिहून ठेवा: भाग किती तापणार आहे, तो पाण्यात भिजत राहणार आहे का आणि त्याला तेल किंवा पेट्रोल लागणार आहे का. उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या डॅशबोर्डला हात लावता येत नाही इतका तो तापतो आणि साधा सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गम, सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास हार मानू लागतो. हॉट ग्लू गनचा गम तर त्याच्या बराच आधी मऊ पडतो.

काही सांधे चिकटवायचेच नसतात. गॅसची रबरी नळी, ब्रेकचे कोणतेही रबर, प्रेशर कुकरची रिंग हे भाग बदलावेत. हेल्मेटच्या कवचाच्या कडेचे रबर निघाले तरी त्याला द्रावकाचा, म्हणजे थिनरसारखा विरघळवणारा द्रव असलेला, गम लावू नये. कवच बहुधा पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसचे असते आणि द्रावकाने त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात. फ्रिजचे गॅस्केट खाचेत बसवलेले असते. ते वाकडे झाले असेल तर कोमट पाण्यात ठेवून सरळ करून पुन्हा खाचेत दाबावे.

४. आता गमाचा प्रकार निवडा

*सायनोॲक्रिलेट.* फेविक्विकच्या जातीचा हा पातळ गम हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने काही सेकंदांत घट्ट होतो. रबर आणि ‘धरणाऱ्या’ गटातले प्लास्टिक यांच्या लहान सांध्यासाठी तो उत्तम आहे; ईपीडीएम आणि नायट्राइल रबराला तर तो फारच चांगला धरतो. कारखान्यांत रबराची दोरी कापून तिच्या टोकांना हाच गम लावून गोल रिंगा बनवतात. मर्यादा तीन आहेत. तो कडक व ठिसूळ होतो. दोन पृष्ठभागांतली फट भरून काढत नाही. आणि जास्त लावला तर सांध्याभोवती पांढरी भुकटी बसते. पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक आणि पॉलिस्टायरिनवर तो अगदी थोडा लावावा, नाहीतर ताणाखाली असलेल्या भागात बारीक भेगा पडतात. थोडे वाकणे किंवा धक्के अपेक्षित असतील तर ‘रबर टफन्ड’ असे लिहिलेला, बहुधा काळ्या रंगाचा प्रकार मागावा.

*पॉलिओलेफिन प्रायमरसह सायनोॲक्रिलेट.* पीपी आणि पॉलिथिनसाठी घरच्या घरी करता येण्याजोगा सर्वांत भरवशाचा उपाय हाच आहे. संचात प्रायमरचे (गमाआधी लावायच्या द्रवाचे) एक पेन किंवा बाटली आणि एक गमाची ट्यूब असते. प्रायमर फक्त पीपी किंवा पॉलिथिनच्या बाजूला एकदाच, पातळ पुसल्यासारखा लावावा, तो उडून जाऊ द्यावा आणि मग लेबलवर दिलेल्या वेळेत गम लावून जोडावे. एबीएसला किंवा साध्या रबराला प्रायमरची गरज नसते. तिथे तो लावल्यास सांधा कमजोरही होऊ शकतो. बंपरवर रबरी पट्टी, पीपीच्या डब्यावर रबरी पाय अशा कामांना हा संच उपयोगी पडतो. टेफ्लॉनचा विचार मात्र घरी सोडून द्यावा.

*रबर गम अर्थात काँटॅक्ट ॲडहेसिव्ह.* फेव्हिकॉल एसआर, फेव्हिबाँड, डेंड्राइट या नावांनी मिळणारा हा निओप्रीनच्या जातीचा गम मऊ राहतो, त्यामुळे मोठ्या आणि वाकणाऱ्या क्षेत्रासाठी तो योग्य आहे. रबर आणि एबीएस किंवा कडक पीव्हीसी यांच्यासाठी वापरावा. पीपी, पॉलिथिन, सिलिकॉन आणि मऊ पीव्हीसी यांच्यासाठी वापरू नये. त्यातले द्रावक पॉलिस्टायरिनला विरघळवते, हेही लक्षात ठेवावे.

*पॉलियुरेथेन.* मऊ पीव्हीसीचा तेलकट द्रव पचवणारा गम म्हणून चपलांच्या उद्योगात हाच वापरतात. टीपीआरचे आणि बरेच रबरी सोल तिथे आधी क्लोरीन सोडणाऱ्या द्रावणाने ‘प्रायमर’ करून घेतात, मग दोन्ही बाजूंना पॉलियुरेथेन लावून, वाळवून, उष्णतेने पुन्हा जागा करून दाबतात. घरी हे सगळे करण्याऐवजी सोलचे काम चपला दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्याशेजारी थोडा वेळ उभे राहून पाहिले तर कोणत्याही लेबलवर नसलेले शिक्षण मिळते. तो सोल कानशीने खरवडतो, गम बोटाने किंवा ब्रशने पातळ ओढतो, मध्ये दुसरे काम हाती घेऊन थांबतो, गम कोरडा झाला का ते बोटाच्या पाठीने पाहतो, गरज पडल्यास आच दाखवतो आणि मग हातोडीने मधून कडेकडे ठोकत जातो. यातली एकही पायरी तो गाळत नाही. काचा बसवण्याच्या कामातला नळीतून येणारा पॉलियुरेथेन सीलंट हा वेगळा प्रकार. फट असलेल्या, हलणाऱ्या, बाहेरच्या सांध्यांना तो चांगला.

*सिलिकॉन सीलंट.* सिलिकॉन रबर जोडायचे असेल तर सिलिकॉनच वापरावे. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार काच आणि टाइल्ससाठी ठीक आहे. तांब्याच्या तारा किंवा इलेक्ट्रॉनिक भाग जवळ असतील तर ‘न्यूट्रल’ लिहिलेला घ्यावा, कारण पहिल्यातून सुटणारे आम्ल धातूला गंज चढवते. सिलिकॉन रबर पीपीला जोडण्याचा प्रसंग आला तर सीलंटच्या नादी न लागता स्क्रू, पट्टी किंवा खाच यांचा विचार करावा.

*दुहेरी फोम टेप.* सपाट, लांब बीडिंगसाठी मला हा पर्याय गमापेक्षा पुष्कळदा सरस वाटतो. ॲक्रिलिक फोमचीच टेप घ्यावी. तिची पकड सामान्य तापमानाला २० मिनिटांत सुमारे निम्मी येते आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात. न धरणाऱ्या प्लास्टिकवर टेपचा स्वतंत्र प्रायमर लागतो.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. दोन भागांचा इपॉक्सी आणि हाताने मळायचा इपॉक्सी फार कडक होतो, वाकत्या रबराला तो उपयोगाचा नाही. पाइप जोडायचे पीव्हीसी सोल्व्हंट रबराला धरत नाही. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन रबराला रबर जोडण्यासाठी आहे. लाकडाचा पांढरा गम या कामासाठी नाहीच.

५. विकत घेताना लेबल आणि कागदपत्रे वाचा

डबीवरच्या जाहिरातीच्या ओळीऐवजी मागची बारीक अक्षरे वाचा. तिथे रासायनिक प्रकार, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत असते. ‘सर्व प्लास्टिकसाठी’ असे समोर लिहिलेल्या पाकिटाच्या मागे ‘पीपी, पीई वगळून’ असे असू शकते. महागडा किंवा गाडीचा भाग असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून दोन कागद उतरवून घ्या. एक म्हणजे तांत्रिक माहितीपत्रक, ज्यावर टीडीएस लिहिलेले असते. त्यात चालणारे पदार्थ, तापमानाची मर्यादा, थांबण्याची वेळ आणि पूर्ण पक्के होण्याची वेळ मिळते. दुसरे सुरक्षितता माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस. त्यात ज्वलनशीलता आणि त्वचेला, डोळ्यांना लागल्यास काय करावे ते असते. टीडीएसमध्ये ज्या प्लास्टिकचे नावच नाही, त्यावर तो गम चालेल असे गृहीत धरू नये. मुदत संपलेला सायनोॲक्रिलेट दाटलेला असतो आणि त्याची पकड कमी झालेली असते. दुकानात धूळ खात पडलेले पाकीट परत करावे.

६. पृष्ठभाग तयार करा

अपयशाची बहुतेक कारणे या पायरीवर दडलेली असतात, म्हणून इथे घाई करू नका. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेला तेलकट थर, रबरावर वर आलेले मेण, हाताचा घाम आणि गाडीच्या बाबतीत डॅशबोर्ड किंवा टायरला लावलेले सिलिकॉनचे पॉलिश, यांतले काहीही उरले तर गम त्या थराला चिकटतो आणि त्या थरासकट सुटतो.

आधी साबण-पाण्याने धुऊन वाळवा. मग कापडावर अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने पुसा आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ बाजू वापरा, नाहीतर घाण फक्त पसरते. यानंतर घासा: रबर १२० ते १८० नंबरच्या पेपरने, वरची चकाकी जाऊन मंद काळा पृष्ठभाग दिसेपर्यंत, कडक प्लास्टिक ३२० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने. घासून झाल्यावर पुन्हा अल्कोहोलने पुसा. क्रम उलटा करू नये, कारण मळ असताना घासले तर तो ओरखड्यांत भरून बसतो. रबराची कड ताजी कापता येत असेल तर ताजा काप हा सर्वांत स्वच्छ पृष्ठभाग असतो.

कशाने पुसू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ॲसिटोन किंवा थिनर एबीएस आणि पॉलिस्टायरिनला विरघळवतो व पॉलिकार्बोनेटला भेगा पाडतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये त्वचेसाठी तेल घातलेले असू शकते. हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते आणि ते पृष्ठभागावर राहते. पेट्रोल आणि रॉकेल मागे तेलकट थर सोडतात, शिवाय आगीचा धोका आहेच.

पुसल्यानंतर पहिल्या पायरीतली पाण्याच्या थेंबाची चाचणी नजरेआडच्या कोपऱ्यावर पुन्हा करा. एबीएसवर थेंब अजूनही गोल उभा राहत असेल तर काहीतरी तेलकट उरले आहे. तो भाग वाळवा आणि पुन्हा पुसा.

७. टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्या

बोटभर रुंदीची रबराची पट्टी त्याच जातीच्या प्लास्टिकवर चिकटवा, पण एक टोक मोकळे सोडा. चोवीस तास हात लावू नका. मग मोकळे टोक उलट दिशेला वळवून हळूहळू सोला आणि सुटताना काय होते ते बारकाईने पाहा. रबर स्वतः फाटले तर सांधा त्या रबरापेक्षा मजबूत आहे. यापेक्षा जास्त काही मागण्याचे कारण नाही. गमाचा थर मधोमध फाटून दोन्ही बाजूंना राहिला तर पकड ठीक आहे, थर जाड झाला असावा किंवा पूर्ण वाळला नसावा. सगळा गम रबरावर राहून प्लास्टिक चकचकीत निघाले तर दोष प्लास्टिकच्या बाजूला आहे: एकतर ते न धरणाऱ्या गटातले आहे किंवा नीट पुसले गेले नाही. सगळा गम प्लास्टिकवर राहिला तर रबरावर मेण किंवा पॉलिश उरले आहे, किंवा ते रबर नसून सिलिकॉन किंवा मऊ पीव्हीसी आहे. भाग पाण्यात राहणार असेल तर दुसरी पट्टी एक दिवस पाण्यात ठेवून मग सोला.

८. प्रत्यक्ष चिकटवा

आधी गम न लावता भाग जागेवर बसवून पाहा आणि मास्किंग टेपने जागेच्या खुणा करा. खिडक्या उघडा. रबर गम वापरत असाल तर देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस, गिझर सगळे बंद असल्याची खात्री करा, कारण द्रावकाची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीनेही पेट घेऊ शकते.

सायनोॲक्रिलेट एकाच बाजूला लावा. साधारण सहा चौरस सेंटिमीटरला एक छोटा थेंब पुरतो. जोडून अर्धा-एक मिनिट न हलवता दाबून ठेवा. जास्त थेंब म्हणजे जास्त पकड असे नसते, जाड थर आतून कच्चा राहतो. पावसाळ्यात तो झटकन बसतो, विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र थोडा जास्त वेळ धरून ठेवावे लागते. सुती कापडाने किंवा कापसाने सांडलेला गम पुसू नये. कापसाशी त्याची क्रिया होऊन एवढी उष्णता निर्माण होते की भाजू शकते. बोटे चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत, ओढू नयेत. डोळ्याला लागला तर कोमट पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

रबर गम दोन्ही बाजूंना पातळ लावा. रबर शोषत असेल तर पहिला हात वाळल्यावर दुसरा द्या. मग लेबलवर दिलेला वेळ, बहुतेक वेळा दहा ते पंधरा मिनिटे, थांबा. बोटाची पाठ लावल्यावर गमाची तार न येता नुसती किंचित ओढ जाणवली की वेळ झाली. ओला असताना जोडला तर द्रावक आत अडकते आणि फुगवटा येतो. एकदा टेकले की हलवता येत नाही, म्हणून एका टोकापासून, आत हवा न अडकवता, बसवत जा. या गमाला किती वेळ दाबले यापेक्षा किती जोराने दाबले याला महत्त्व आहे. लाटण्याने किंवा रबरी हातोडीने कडेपर्यंत जोर पोहोचवा. मुसळधार पावसाच्या दिवशी हे काम टाळावे. द्रावक उडताना गमाचा थर थंड होतो, त्यावर हवेतल्या पाण्याचा दुधी थर जमतो आणि दोन कोरडे दिसणारे थर एकमेकांना धरतच नाहीत.

सिलिकॉन आणि नळीतला पॉलियुरेथेन सीलंट वरून लवकर कोरडा दिसला तरी आतून चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटरच पक्का होतो. तोवर चिमटे काढू नका. कोणताही सांधा पहिले चोवीस तास ताणाखाली आणू नये.

उरलेली सायनोॲक्रिलेटची ट्यूब टोक पुसून, टोपण घट्ट लावून, हवाबंद डबीत कोरड्या जागी ठेवा. न उघडलेली ट्यूब फ्रिजमध्ये जास्त टिकते, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरते आणि गम ट्यूबमध्येच घट्ट होतो.

९. सांधा पुन्हा सुटला तर

नवा गम जुन्या गमावर लावू नका. जुना रबर गम बोटाने घासला की वळ्या होऊन निघतो. न निघाल्यास कोमट हवा द्या. सायनोॲक्रिलेटचा कडक थर ॲसिटोनने विरघळतो खरा, पण एबीएसही विरघळते, म्हणून तो कटरच्या पात्याने आणि पॉलिश पेपरनेच काढावा. सिलिकॉनचे अवशेष शेवटच्या पापुद्र्यापर्यंत खरवडून काढावे लागतात, कारण त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरा कोणताही गम बसत नाही. मग सुटलेल्या दोन्ही बाजू सातव्या पायरीप्रमाणे तपासा आणि दोष ज्या बाजूला दिसेल तिथून काम पुन्हा सुरू करा.

तयारी नीट करूनही तोच सांधा परत सुटत असेल, तर त्या जागेवर सोलणारा ताण जास्त आहे असे समजा आणि त्या ताणाची सोय करा. बीडिंगच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक स्क्रू आणि त्याखाली रुंद वायसर लावला की सोलण्याची सुरुवातच होत नाही आणि मधल्या भागाला टेप किंवा गम पुरेसा होतो. मिक्सरच्या पायाला मधोमध भोक असेल तर वायसरसह छोटा स्क्रू बसवा. पण आधी मिक्सरचा प्लग काढा आणि स्क्रूचे टोक आतल्या तारांपर्यंत किंवा मोटरपर्यंत पोहोचत नाही ना, हे झाकण उघडून पाहा.